यंत्राचे अंतर आणि जातीचे अंतर

(१)

२०१८ च्या जून महिन्यात माझ्या मोबाइलवर एक संदेश आला. मुले पळविणारी टोळी जिल्ह्यात शिरली आहे, टोळीतील माणसे भिकाऱ्यांच्या आणि बैराग्यांच्या वेषात फिरतात, आपापली लेकरे सांभाळा, असा त्याचा आशय होता. मी त्या वेळी फलटण तालुक्यातील एका शाळेत शिक्षक होतो. माझ्या वर्गाच्या पालकांचा एक व्हॉट्सअ‍ॅप गट होता. संदेश खरा की खोटा, तो कोणी लिहिला, कोणत्या गावात काय घडले, याचा मी विचार केला नाही. वर ‘पालकांनी दक्षता घ्यावी’ एवढे तीन शब्द जोडले आणि तो गटावर टाकून दिला. त्यात अर्धे मिनिटही गेले नसेल. आपण एक चांगले काम केले अशा समाधानात मी जेवायला बसलो.

पुढच्या आठवड्यात आमच्या वस्तीत डौर वाजवीत एक भिक्षेकरी आला. अशी माणसे पावसाच्या तोंडाला येतात, चार घरे मागतात, बायका पसाभर धान्य झोळीत घालतात, आणि ती पुढच्या गावाला जातात. त्या दिवशी मात्र दारे लागली. चार पोरे त्याला आडवी आली. त्यांनी त्याची झोळी रस्त्यावर उलटी केली आणि आधार कार्ड दाखव म्हणून त्याला दरडावू लागली. आरडाओरडा ऐकून मी बाहेर आलो आणि मध्ये पडलो. पोरांना रागे भरलो. त्यांतला एक माझाच विद्यार्थी होता. तो खाली मान घालून म्हणाला, “सर, तुमच्याच मेसेजमध्ये होतं की.”

त्या माणसाने सांडलेले धान्य मातीसकट गोळा केले आणि काही न बोलता तो निघून गेला. त्याला मारहाण झाली नाही. परंतु ती झाली नाही यात माझा काही पराक्रम नव्हता. मी घरी होतो, एवढेच.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, १ जुलै २०१८ रोजी, धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा या गावी आठवड्याच्या बाजारात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने ठेचून मारले. ही माणसे सोलापूर जिल्ह्याच्या मंगळवेढ्याकडची आणि लगतच्या कर्नाटकातील होती. भिक्षा मागत ती तिकडे गेली होती. मुले पळविणारे म्हणून त्यांना धरले, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि तेथेच त्यांचा जीव घेतला. मारणारे मारत होते आणि काहीजण मोबाइलवर त्याचे चित्रण करीत होते.

ही बातमी वाचली तेव्हा मला आमच्या वस्तीतल्या रस्त्यावर सांडलेले धान्य आठवले. राईनपाड्याला माझा संदेश गेला नव्हता हे मला ठाऊक आहे. पण तसाच संदेश, माझ्यासारख्याच कोणा शहाण्या, शिकलेल्या, मुलांची काळजी वाहणाऱ्या माणसाने पुढे ढकललेला, तेथे पोचला होता. फुले-आंबेडकरांचे नाव घेणारा, भटक्या-विमुक्तांच्या मेळाव्यांत भाषणे केलेला माणूस असे कसे करतो, हा प्रश्न मी स्वतःला विचारला. त्याचे उत्तर शोधताना जे वाचले आणि जे ध्यानात आले ते कार्यकर्त्यांपुढे, विद्यार्थ्यांपुढे आणि माझ्या शिक्षक मित्रांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

(२)

माणूस समोर असला की त्याला इजा करणे अवघड जाते आणि तो नजरेआड झाला की सोपे जाते, ही गोष्ट नवी नाही. मानसशास्त्राने मात्र ती मोजून पाहिली आहे. अमेरिकेतील येल विद्यापीठात स्टॅनले मिलग्रॅम या संशोधकाने १९६१ सालापासून काही प्रयोग केले. ज्यू लोकांचा संहार करणाऱ्या नाझी अधिकाऱ्यांनी ‘आम्ही फक्त हुकूम पाळला’ असा बचाव केला होता. त्या बचावाच्या मुळाशी काय आहे हे त्यांना तपासायचे होते.

प्रयोग असा होता. एका सामान्य माणसाला ‘शिक्षक’ म्हणून यंत्रासमोर बसवायचे. दुसऱ्या खोलीतील ‘विद्यार्थी’ चुकला की त्याने बटण दाबून विद्यार्थ्याला विजेचा धक्का द्यायचा. प्रत्येक चुकीला धक्का वाढवीत जायचा, तो ४५० व्होल्टपर्यंत. विद्यार्थी हा वास्तविक प्रयोगातलाच माणूस होता आणि धक्का खोटा होता, परंतु बटण दाबणाऱ्याला हे माहीत नव्हते. शेजारी करडा कोट घातलेला एक अधिकारी ‘पुढे चला’ म्हणून सांगत असे.

विद्यार्थी भिंतीपलीकडे होता आणि त्याचा आवाज ऐकू येत नव्हता, फक्त एका टप्प्यावर त्याने भिंतीवर मारलेले धक्के ऐकू येत होते, तेव्हा ४० पैकी २६ माणसे शेवटच्या बटणापर्यंत गेली. त्याचे ओरडणे ऐकू येऊ लागले तेव्हा २५ गेली. तो त्याच खोलीत आणून बसविला तेव्हा ही संख्या १६ वर आली. आणि धक्का देण्यासाठी विद्यार्थ्याचा हात स्वतः धरून धातूच्या पट्टीवर दाबावा लागेल अशी व्यवस्था केली तेव्हा ४० पैकी १२ च माणसे शेवटपर्यंत गेली. माणसे तशाच प्रकारची, हुकूम तोच, यंत्र तेच. बदलले ते फक्त अंतर. उलट दिशेने हुकूम देणारा अधिकारी खोलीतून निघून गेला आणि टेलिफोनवरून हुकूम देऊ लागला, तेव्हाही हुकूम पाळणाऱ्यांची संख्या झपाट्याने घसरली. काहीजण तर फोनवर ‘धक्का वाढवतो आहे’ असे सांगून प्रत्यक्षात हलकाच धक्का देत राहिले.

या प्रयोगांवर पुढे पुष्कळ आक्षेप घेतले गेले. माणसांना असे फसवावे काय, आणि धक्का खोटा आहे हे काहींना कळले नसेल काय, असे प्रश्न विचारले गेले. ते रास्त आहेत. तरीही वर दिलेल्या आकड्यांतून जी पायरी-पायरीने उतरण दिसते ती विचारात घ्यावी लागते. भिंत, आवाज, चेहरा, स्पर्श. माणूस जसजसा जवळ येतो तसतसा बटणावरचा हात जड होतो.

येथे एक गोष्ट आपल्या वाचकांच्या लक्षात आल्यावाचून राहणार नाही. या उतरणीची शेवटची पायरी स्पर्शाची आहे. ज्याला हात लावावा लागतो त्याला छळणे माणसाला सर्वांत कठीण जाते. आपल्या देशातील समाजरचनेने हे सत्य कोणत्याही प्रयोगशाळेच्या कितीतरी शतके आधी ओळखले होते आणि त्याचा उपयोग उलटा करून घेतला होता. तिने स्पर्शच काढून घेतला. याकडे मी पुढे येणार आहे.

(३)

मोबाइलच्या काचेवर या भिंतीचे काय होते ते आता पाहू. २००४ साली जॉन सुलर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने संगणकाच्या जाळ्यावर माणसांचा संकोच का गळून पडतो याची कारणे मांडली. आपले नाव झाकता येते, आपण दिसत नाही, उत्तर ताबडतोब येत नाही, समोरचा माणूस आपल्या मनातलाच एक आवाज वाटू लागतो, हा सारा खेळच आहे असे वाटते, आणि मोठा-लहान हा भेद पुसट होतो, अशी ती कारणे आहेत. २०१२ साली इस्रायलमधील हैफा विद्यापीठातील दोन संशोधकांनी या कारणांची वेगवेगळी परीक्षा घेतली. नाव लपलेले असणे, शरीर न दिसणे आणि डोळ्याला डोळा न भिडणे, यांतून माणूस शिवीगाळीवर कशाने अधिक उतरतो हे त्यांनी तपासले. त्यांच्या प्रयोगात सर्वांत जास्त परिणाम डोळ्याला डोळा न भिडण्याचा दिसला.

आपल्याकडच्या अनुभवाशी हे जुळते. आमच्या लहानपणी निनावी पत्रे येत. नोकरीला लागलेल्या आपल्या पोराविरुद्ध वरिष्ठांकडे निनावी अर्ज जात. लिहिणारा नाव लपवीत असे, कारण त्याला लाज नसली तरी भीती होती. आजचा माणूस नावानिशी, फोटोनिशी, आपल्या मुलाबाळांच्या छायाचित्राशेजारी तीच घाण लिहितो. तेव्हा निनावीपणा हे मूळ कारण नव्हे. ज्याच्याबद्दल लिहिले त्याचे डोळे त्या क्षणी समोर नसतात, हे कारण अधिक खोल आहे.

याचे एक उदाहरण माझ्या घरचेच, म्हणजे शाळेतलेच देतो. आमच्या शिक्षकांच्या गटावर एका रात्री एका सहकाऱ्याने आरक्षणावरचा एक विनोद टाकला. कमी गुणांचा डॉक्टर, मेलेला रोगी, वगैरे. तो विनोद सर्वांनी कधी ना कधी वाचलेला आहे. खाली सात-आठ हसरे चेहरे उमटले. हे सहकारी वाईट गृहस्थ नव्हते. माझी आई वारली तेव्हा ते अंत्ययात्रेला आले होते, तिसऱ्या दिवशी घरी येऊन चहा घेतला होता. वीस वर्षे आम्ही एका टेबलावर डबा खाल्ला. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी त्यांना म्हणालो, “सर, रात्रीचा तो विनोद आता मला तोंडाने सांगा बरं.” त्यांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, “अहो, तुम्हाला उद्देशून नव्हता हो तो. आला तसा पुढे ढकलला.”

‘आला तसा पुढे ढकलला’ हे वाक्य मी तेव्हापासून विसरलेलो नाही. मिलग्रॅमच्या यंत्रावर बसलेली माणसे तरी स्वतः बटण दाबत होती. येथे बटण दाबणारा म्हणतो की मी मधला दुवा आहे. लिहिणारा दुसराच कोणी, वाचणारे आपापले मुखत्यार, मी फक्त हमाल. एका माणसाने केली असती तर जी गोष्ट त्याच्या मनाला टोचली असती ती दहा हजार माणसांत वाटली की प्रत्येकाच्या वाट्याला टोचणीचा कण येतो. दुखापत मात्र वाटली जात नाही. ती एकाच माणसाच्या अंगावर सगळीच्या सगळी पडते.

शिवाय या ढकलण्याला बक्षीस आहे. राग आणि किळस उत्पन्न करणारा मजकूर शांत मजकुरापेक्षा दूर जातो. २०१८ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात ट्विटरवरील बातम्यांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. खोटी बातमी पुढे पाठविली जाण्याची शक्यता खऱ्या बातमीपेक्षा सत्तर टक्क्यांनी अधिक असते, आणि हे काम यंत्रमानवांपेक्षा हाडामांसाची माणसेच करतात, असे त्यात आढळले. खोटे नवे वाटते, चमकदार वाटते आणि सांगणाऱ्याला गटात मान मिळवून देते. मला माझ्या ‘दक्षता घ्यावी’ या शब्दांनी मिळालेले समाधान याच जातीचे होते.

त्यात मी शिक्षक होतो. मिलग्रॅमच्या प्रयोगातील करड्या कोटाचे काम आमच्या वस्तीत माझ्या नावाने केले. निनावी संदेशावर त्या पोरांनी कदाचित विश्वास ठेवला नसता. तो सरांकडून आला होता.

(४)

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. तंत्रज्ञानावर लिहिणारे पुष्कळ लोक असे लिहितात की जणू मोबाइल येण्यापूर्वी माणसे एकमेकांच्या डोळ्यांत डोळे घालून प्रेमाने राहत होती. आपला अनुभव असा नाही. अंतर ठेवून दुखावण्याची विद्या या मातीला यंत्राने शिकविली नाही.

याच सातारा जिल्ह्यातील एक प्रसंग पाहावा. १९०१ साली बाबासाहेब दहा वर्षांचे होते. वडील रामजी सकपाळ खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे तलावाच्या सरकारी कामावर नोकरीस होते. साताऱ्याला राहणारी मुले सुट्टीत त्यांच्याकडे निघाली आणि मसूर स्टेशनवर उतरली. येत असल्याचे पत्र पाठविले होते, पण ते नोकराच्या विसरभोळेपणामुळे वडिलांच्या हाती पडले नव्हते. नीटनेटके कपडे घातलेल्या त्या मुलांची स्टेशनमास्तरांनी आस्थेने विचारपूस केली. मुलांनी आपली जात सांगितली आणि मास्तरांचा चेहराच बदलला. मग गाडीवाले मिळेनात. अखेर दुप्पट भाडे ठरले आणि अट अशी की मुलांनी गाडी स्वतः हाकायची, गाडीवाला शेजारून पायी चालेल. वाटेत प्यायला पाणीही मिळाले नाही. बाबासाहेबांनी हा प्रसंग स्वतः लिहून ठेवला असून पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० साली प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या आठवणींच्या पुस्तिकेत तो आहे.

हा प्रसंग आपण सहानुभूतीने वाचतो आणि पुढे जातो. आपल्या विषयाच्या दृष्टीने तो पुन्हा वाचला पाहिजे. स्टेशनमास्तर आणि मुले यांच्यात दोन हातांचे अंतर होते. चेहरे समोर होते, डोळ्यांना डोळे भिडलेले होते, आणि ते चेहरे लहान मुलांचे होते. मिलग्रॅमच्या हिशेबाने येथे दया जास्तीत जास्त असायला हवी होती, आणि क्षणभर ती होतीही. एक शब्द उच्चारला गेला आणि दोन हातांचे अंतर कोसभर झाले. गाडीवाल्याने तर स्वतःच्या गाडीवर बसण्यापेक्षा मातीतून चालणे पत्करले. त्या अंतराचा दर त्याने दुप्पट भाड्याच्या रूपाने मुलांकडूनच वसूल केला.

याचा अर्थ असा की चेहरा दिसणे पुरेसे नाही. चेहऱ्यावर माणूस दिसावा लागतो. जात ही समोरच्या चेहऱ्यावर टाकलेली काच आहे. मोबाइलची काच तिच्यानंतर आली. पाणवठा वेगळा, वस्ती गावाबाहेर, चहाची कपबशी वेगळी, पोटासाठीचे काम वेगळे, ही सर्व अंतर राखणारी साधनेच होती. तिला यंत्र म्हणायला माझी हरकत नाही. त्या यंत्राचे काम हे की छळ करणाऱ्याला छळ दिसू नये आणि दिसला तर तो छळ वाटू नये.

म्हणूनच ‘समोरासमोर या, सगळे ठीक होईल’ हा भाबडा उपाय आपण स्वीकारू शकत नाही. १९७८ साली मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या ठरावानंतर दलित वस्त्या पेटल्या तेव्हा कोणाच्या हाती मोबाइल नव्हता. २९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजीत भोतमांगे कुटुंबावर जे गुदरले ते शेजाऱ्यांनी, रोज चेहरा पाहणाऱ्यांनी केले. तेथे अंतर मैलांत मोजता येत नव्हते.

(५)

मग यंत्राने नवीन काय केले? माझ्या मते त्याने तीन गोष्टी केल्या.

पहिली, त्याने जुन्या अंतराला वेग दिला. पूर्वी अफवा एस.टी.च्या टपावरून गावात येई, पारावर बसे, कोणीतरी जाणता तिला प्रश्न विचारी. आता ती गाव विचार करायच्या आत पोचते. २ जून २०१४ रोजी पुण्याच्या हडपसरमध्ये एका तरुण मुस्लिम संगणक-अभियंत्याला जमावाने मारले. फेसबुकवर थोर पुरुषांची विटंबना करणारी चित्रे आली होती. त्या चित्रांशी या सोलापूरच्या तरुणाचा काहीही संबंध नव्हता. १० सप्टेंबर २०२३ च्या रात्री आपल्या शेजारच्या खटाव तालुक्यात पुसेसावळी येथे समाजमाध्यमावरील आक्षेपार्ह मजकुराचे निमित्त होऊन जमाव मशिदीवर चालून गेला आणि एक तरुण मारला गेला. जिल्ह्यातील इंटरनेट बंद ठेवावे लागले. ज्या तालुक्याच्या वाटेवर १९०१ साली लहान मुले पाण्यावाचून तळमळली तोच हा तालुका आहे.

दुसरी, त्याने कृती फोडली. राईनपाड्यात मारणारे हात जवळचे होते, दूर होते ते संदेश पाठविणारे. एकाने भय तयार केले, हजारांनी ते वाहून नेले, आणि शेवटी एका बाजारात ते माणसांच्या हातापायांत उतरले. त्या काळात देशभर फिरलेल्या चित्रफितींपैकी एक कराचीतील एका संस्थेने मुलांच्या सुरक्षिततेबद्दल जागृती करण्यासाठी केलेली होती. मोटारसायकलवरची माणसे मूल उचलतात आणि लगेच परत आणून सोडतात, मग सूचनेचा फलक दाखवितात, अशी ती होती. परत आणून सोडण्याचा भाग कोणीतरी कापून टाकला. कापणारा कोठे बसला होता हे मेलेल्यांपैकी कोणालाच कळले नाही.

आणि भय कोणाच्या अंगावर उतरले हेही पाहा. संदेशात कोणाचे नाव नव्हते. तरी जमावाला माणसे ओळखायला वेळ लागला नाही. ज्यांना गाव नाही, शेत नाही, ज्यांच्या बाजूने बोलणारा कोणी गावात नाही, ती माणसे सापडली. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने फिरस्त्या माणसावर जो जन्मजात संशय कायदेशीर केला, तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी त्या जमाती विमुक्त झाल्या तरी समाजमनातून गेला नाही. डवरी गोसाव्यांचे नाव त्या कायद्याच्या यादीत होते की नाही हा प्रश्न येथे गौण आहे. तो संशय सर्वच फिरस्त्यांवर पसरला. यंत्राने फक्त ‘टोळी’ म्हटले. ती टोळी कोण, हे शतकानुशतकांच्या शिकवणीने ठरविले.

तिसरी, त्याने बघ्याला नवे अंतर दिले. ग्रामपंचायतीच्या खोलीत चित्रण करणारा माणूस मरणाऱ्यापासून चार हातांवर होता. पण त्याच्या आणि मरणाऱ्याच्या मध्ये एक छोटी काच होती, आणि त्या काचेत तो प्रसंग ‘घडत’ नव्हता, ‘दिसत’ होता. हात चित्रणात गुंतले की ते सोडवायला पुढे होत नाहीत.

(६)

याची दुसरी बाजू न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. यंत्राने अंतर वाढविले तसे ते काही वेळा तोडलेही आहे. ११ जुलै २०१६ रोजी गुजरातेत उना येथे मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या दलित तरुणांना गाडीला बांधून मारले. मारणाऱ्यांनीच मोठ्या दिमाखात त्याचे चित्रण पसरविले. त्यांना वाटले, पाहणारे सगळे आपल्यासारखेच. पण ते चित्रण आपल्या माणसांनी पाहिले आणि देशभर आंदोलन उभे राहिले.

आणखी एक उदाहरण आपल्याला विचारात पाडणारे आहे. चालकाविना उडणारी विमाने हजारो मैलांवरून चालविणारे अमेरिकी सैनिक सुरक्षित खोलीत बसलेले असतात. त्यांना काहीच वाटत नसेल असा समज होता. परंतु २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी सैन्याच्याच पाहणीत त्यांच्यातील मानसिक विकारांचे प्रमाण प्रत्यक्ष विमानातून लढणाऱ्यांइतकेच निघाले. यामागे कामाच्या लांबलचक पाळ्या आणि एकटेपणा ही कारणे असतीलच. पण हे सैनिक एकाच घरावर दिवसेंदिवस नजर ठेवतात, त्या घरातील मुले खेळताना पाहतात आणि नंतर तेथेच बाँब टाकतात, हेही आहे. पुरेसा वेळ पाहिले तर काचेतूनही माणूस दिसतो. तेव्हा प्रश्न मैलांचा नाही. पाहण्याची तयारी आहे की नाही, हा आहे.

(७)

आता करावयाचे काय? राईनपाड्यानंतर त्याच जुलैत व्हॉट्सअ‍ॅप कंपनीने पुढे ढकललेल्या संदेशावर तशी खूण करायला सुरुवात केली आणि भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठविता येईल अशी मर्यादा घातली. ही मर्यादा जगभर लागू झाल्यावर ढकललेल्या संदेशांचे प्रमाण पंचवीस टक्क्यांनी घटल्याचे कंपनीने सांगितले. १७ जुलै २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने झुंडबळी रोखण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधिकारी नेमण्याचे निर्देश दिले. बटणापर्यंतचा रस्ता थोडा लांब केला तरी माणसे थबकतात, एवढे यातून सिद्ध होते. पण जातीची काच कंपनी काढू शकत नाही. ते काम आपले आहे.

कार्यकर्त्यांना माझे सांगणे असे की जातीवाचक मजकूर आला की रागाच्या भरात त्याला त्याच भाषेत उत्तर देऊ नये आणि तो पुसूनही टाकू नये. क्रमांक, तारीख आणि वेळ दिसेल असे त्याचे छायाचित्र जपून ठेवावे. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याला अपमान लोकांच्या नजरेसमोर झालेला असावा लागतो. जाळ्यावर केलेला अपमान या व्याख्येत बसतो, असे केरळ उच्च न्यायालयाने २०२२ साली म्हटले आहे. तो निर्णय वकिलांना दाखवावा. त्याचबरोबर आपल्या स्वतःच्या गटांकडेही पाहावे. दुसऱ्या जातीच्या, दुसऱ्या धर्माच्या, आपल्यातल्याच दुसऱ्या गटाच्या माणसाबद्दल आपण काय ढकलतो? आपल्या स्त्री कार्यकर्त्यांबद्दल काय ढकलतो? काच आपल्या हातातही आहे, हे मी अनुभवाने सांगतो.

शिक्षक मित्रांना मी एक साधा प्रयोग सुचवितो. निवृत्त होण्यापूर्वी दोन वर्षे मी तो दहावीच्या वर्गात केला. गटावर आलेला कोणताही संदेश मुलांनी वहीत उतरवून आणायचा, आणि ज्यांच्याबद्दल तो आहे ते लोक समोर बसले आहेत असे समजून उभे राहून मोठ्याने वाचायचा. नियम एवढाच की वाचताना मान खाली घालायची नाही. एकदा एक मुलगी ऊसतोडणीला येणाऱ्या बायकांवरचा एक विनोद घेऊन आली. फलटण भागात साखर कारखाने आहेत, हंगामात मराठवाड्यातून टोळ्या येतात, त्यांच्या पोरी आमच्याच शाळेत चार महिने बसतात. त्या दिवशीही दोघी मागच्या बाकावर होत्या. मुलगी पहिली ओळ वाचून वर बघू लागली आणि थांबली. मी तिला पुढे वाच म्हटले नाही. तिने वही मिटली आणि जागेवर जाऊन बसली. त्यावर मी काही भाष्य केले नाही, पुढच्या मुलाला उठविले.

तो भिक्षेकरी आमच्या वस्तीत पुन्हा आला नाही. मी दोन-तीन पालांवर चौकशी केली, पण त्याचे नाव विचारायचे त्या दिवशी मला सुचले नव्हते, त्यामुळे कोणाला काय विचारणार? वर्गाच्या गटावर मात्र मी लिहिले, की मागचा संदेश खोटा होता, तो मी शहानिशा न करता पाठविला, आणि त्यामुळे एका निरपराध माणसाचा अपमान झाला. पहिल्या संदेशाला चाळीस पालकांनी अंगठा दाखविला होता. या दुसऱ्याला तिघांनी दाखविला. त्यांतला एक त्या मुलाचा बाप होता. दुसऱ्या दिवशी तो शाळेत आला, व्हरांड्यात उभा राहिला आणि म्हणाला, “सर, पोरानं सांगितलं सगळं. त्या माणसाचं धान्य सांडलं होतं म्हणे. आपण भरून द्यायला पाहिजे होतं.”